ढोलीच्या तोंडावरचा धोंडा

मुलांनो, एका जंगलात एक म्हातारे कासव राहत असे. त्याच्या घरासमोरच्या वडाच्या ढोलीत कोल्ह्याचे दुकान होते. बोरे, कंद, फळे, सगळे काही चार पावलांवर मिळे. एके दिवशी कोल्ह्याने कोणाला न सांगता न सवरता दुकान बंद केले आणि टेकडीपलीकडे नवे थाटले. बरे, गेला तो गेला. पण जाताना लबाडाने ढोलीच्या तोंडावर हा भला मोठा धोंडा बसवला. का, तर तिथे दुसऱ्या कोणी दुकान काढू नये आणि सगळ्यांनी मुकाट्याने त्याच्याकडेच यावे!

हरणे टणाटण उड्या मारत टेकडी ओलांडत. कासवाचे मात्र फार हाल झाले. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. आणलेली बोरे परतीच्या वाटेवरच संपत आणि घरी पोचेपर्यंत बिचारे पुन्हा उपाशी! शेजारची उंदरीण तर पिलांना टाकून तेवढ्या लांब जाणार कशी? तिची पिले भुकेने रडत. ते ऐकून कासवाला राहवेना. ते तडक हत्तीराजाच्या दरबारात गेले.

"महाराज, कोल्ह्यानं खुशाल जावं. पण आधी सांगून जावं आणि ढोली मोकळी सोडावी. तसा कायदा करा."

दरबारात बसलेला कोल्हा खो खो हसला. "एवढ्याशा टेकडीसाठी कायदा? यांना चालायला नको, दुसरं काय!"

हत्तीलाही ते पटले. तेव्हा कासव म्हणाले, "मग महाराज, आज माझ्याबरोबर टेकडीपलीकडच्या दुकानाला चला, माझ्या चालीनं. आणि वाटेत पाला ओरबाडायचा नाही हं! मला कुठे सोंड आहे?"

हत्ती निघाला. एक पाऊल टाकी नि थांबे. दुपारी मागे वळून पाहतो तो काय, दरबार अजून दिसतच होता! त्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. "अरे बाप रे! आजोबा, तुम्ही हे नेहमी सोसता?"

हत्तीने तिथेच कायदा पुकारला : दुकान बंद करणाऱ्याने महिनाभर आधी सांगावे आणि ढोलीचे तोंड कोणी अडवू नये. मग वडाशी येऊन त्याने सोंडेने धोंडा असा भिरकावला, की तो थेट ओढ्यात! मागोमाग आलेला कोल्हा शेपूट घालून बघत राहिला.

चारच दिवसांत खारीने तिथे दुकान मांडले. उंदरीण पिलांना घेऊन आली. पण रांगेत सगळ्यांच्या पुढे कोण होते, ओळखा पाहू? आपले कासव! आनंदाने त्याची मान कवचाबाहेर हातभर आली होती.

तात्पर्य : आपले दुकान बंद करावे, पण दुसऱ्याच्या घासाची वाट बंद करू नये, आणि कायदा करणाऱ्याने आधी सर्वांत हळू चालणाऱ्याबरोबर चालून पाहावे.