बंधाऱ्याच्या तळाशी नाव

माळेवाडीच्या बायांनी दोन महिने दगड वाहून बंधारा बांधला. सिमेंट आणि दारं तेवढी संस्थेची. आता पाणी अडवायची लोखंडी दारं बसवायची, तर संस्थेचे अध्यक्ष धारपसाहेब अडून बसले. "आधी भिंतीवर माझं नाव, मगच दारं!"

दारांवाचून सगळं पाणी वाहून जाणार. महिला मंडळाची ठकूबाई मनात चरफडली, पण भर सभेत गोड हसून म्हणाली, "घाला की साहेब. पण आतल्या अंगाला, पार तळाशी. पाणी गळून आटलं की गाव वाचील, कच्चं काम कुणाचं ते. का तुमच्या सिमेंटचा तुम्हालाच भरवसा नाही?"

गावासमोर नाही कसं म्हणणार? नाव तळाशी कोरलं, दारं बसली. आता साहेब दरसाल स्वतः गळती बुजवून घेतात. चार उन्हाळे झाले, नाव अजून कुणाला दिसलेलं नाही.