नदीपार सोडलेलं उदमांजर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवर अजून पूल नव्हता आणि माणसं गुडघाभर पाण्यातून पलीकडे जात, तेव्हाची.

नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा गृहस्थ राहत होता. स्वभाव मुळातच काळजीचा. झाडाचं पान हललं तरी याच्या छातीत धस्स व्हायचं. त्यात त्याची एकुलती एक लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिला नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. रखमाजीने माजघरात पाळणा टांगून ठेवला होता. परसात कोंबड्या पोसल्या होत्या. बाळंतिणीला अंडी हवीत, कढत रस्सा हवा, अंगात ताकद यायला हवी.

आणि नेमकं तेव्हाच परसात उदमांजर येऊ लागलं.

रोज सकाळी नवा घोर. कधी पपया कुरतडलेल्या, कधी वाफे उकरलेले, तर कधी खुराड्यात नुसती पिसं. रखमाजी रात्र रात्र जागू लागला.

बायको म्हणाली, "अहो, खुराड्याच्या पट्ट्या कुजल्यात, त्या बदला. फणसाची फांदी थेट खुराड्यावर आलीय, ती तोडा. पडलेल्या पपया मी उचलते. खायला मिळालं नाही, तर येईल कशाला ते?"

"तेवढा धीर आहे कुणाला? पोरगी येईपर्यंत एक कोंबडी उरायची नाही!"

त्याने सापळा लावला. उदमांजर सापडलं, पण दार आदळताना त्याच्या शेपटीचा शेंडा तुटला. रखमाजीने ते पोत्यात घातलं आणि तो नदीकडे निघाला.

"पलीकडच्या लोकांनी काय करायचं?" बायकोने विचारलं.

"त्यांचं ते बघतील," तो म्हणाला. एवढ्या मोठ्या गावात ते नेमकं आपल्या लेकीच्या परसात कशाला जाईल, असा त्याचा हिशेब. काळजी वाढली की अक्कल आधी पळ काढते!

काही दिवस बरे गेले. रखमाजीला झोप लागू लागली. मग एका सकाळी खुराड्यात पुन्हा पिसं. पुन्हा सापळा. या वेळी सापडलेल्या उदमांजराची शेपटी चांगली लांबलचक, धड होती.

"यांचा काही अंत आहे की नाही?" रखमाजी वैतागून म्हणाला. त्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि उजाडता उजाडता नदी गाठली.

पाण्याच्या मध्यावर आला, तो समोरून आणखी एक माणूस येताना दिसला. त्याच्याही खांद्यावर पोतं. तेही वळवळत होतं. जवळ येऊन पाहतो तर त्याचाच जावई.

"जावईबापू, तुम्ही? सगुणा बरी आहे ना?"

जावयाने मान खाली घातली. "काय सांगू, मामा. परसात उदमांजर शिरलं. त्याच्यामागे काठी घेऊन धावताना ती घसरून पडली. पोटातलं बाळ सुखरूप आहे, पण सुईणीने तिला अंथरुणावरून उठू नको म्हणून बजावलंय. आता काही ती माहेरी यायची नाही." मग चाचरत म्हणाला, "याच्याआधी एक पकडलं होतं, ते तुमच्या काठाला सोडलं. आता हे. म्हटलं, पलीकडचे बघतील."

पोत्याच्या भोकातून एक शेपटी बाहेर लोंबत होती. शेंडा तुटलेली.

"बापू, हे मीच सोडलं होतं," रखमाजी म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं.

जावयाच्या खांद्यावरचं ओझं तरी कुठे वेगळं होतं? दोघेही काठाकाठाने वर रानात गेले आणि तिथे त्यांनी पोत्यांची तोंडं सोडून दोन्ही उदमांजरं मोकळी केली. मग रखमाजीने आधी लेकीचं खुराडं नीट केलं, नंतर आपलं. फांदी तोडली, पट्ट्या बदलल्या. अर्ध्या दिवसाचं काम, पण आता करून उपयोग किती?

सगुणा सासरीच बाळंत झाली. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही रखमाजीची हौस राहून गेली. त्याने रिकामा पाळणा काढला आणि ज्या पाण्यातून पोतं नेलं होतं, त्याच पाण्यातून डोक्यावर घेऊन पलीकडे पोचवला.

तात्पर्य: आपल्या दारची पीडा दुसऱ्याच्या दारी लोटू नये, तिथेही कुणीतरी आपलंच माणूस राहत असतं.