खूण नसलेलं गाठोडं

"उद्या गाडी येणार आणि शर्वरीला घेऊन…" जिन्यात एवढंच कानावर पडलं आणि मला वाटलं, पोलिसांचीच गाडी. समोरच्या घरातली गुणी पोर ती!

दवाखान्यातले रुग्ण, त्यांची औषधं, तपासण्या असं एकमेकांत गुंतलेलं माहितीचं गाठोडं मुख्य कंप्युटरकडे पाठवायचा प्रोग्राम तिने लिहिलेला. काय बदललं, कुणी बदललं, याची खूण सोबत जायची. तिचे वरिष्ठ ढवळीकर साहेब, त्यांनी ती खूण "फुकटचं ओझं" म्हणून काढायला लावली. आता एका रुग्णाचा रक्तगटच बदललेला निघाला, आणि आळ शर्वरीवर.

सकाळी साहेब दोन माणसं घेऊन गाडीने शर्वरीकडे आले. विरजण मागायच्या निमित्ताने मीही आत शिरले.

"पोलिसांत देईन!" साहेब गरजले.

 शर्वरीने खूण काढायचा साहेबांचाच लेखी हुकूम छापून पुढे ठेवला. "यातला कुठला शब्द मी बदललाय, सांगा साहेब."

साहेबांनी दोनदा वाचलं. "हा! 'फुकटचं' मी लिहिलंच नव्हतं!"

सोबतच्या माणसाने मोबाइलवर मूळ पत्र काढलं. शब्द तिथेच होता.

"मी काहीच बदललं नाही, साहेब. खूण नसली की काय बदललं ते लिहिणाऱ्यालाही ओळखता येत नाही. मग माझं नाव कुठून निघालं?"

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. रक्तगट कुणी बदलला ते अजून कळलेलं नाही, त्याची धास्ती मला आहेच. गाडी मात्र शर्वरीला घेऊन गेलीच. पोलिसांत नव्हे, दवाखान्यात, खुणा परत बसवायला.