काही शंका?

“अप्पा, काल एवढं जीव तोडून सांगितलं, तरी एकाचीही मान हलली नाही. ही माणसं ऐकत का नाहीत?”

विचारणारा निनाद चौगुले, पुण्याच्या एका कापड कंपनीतला अधिकारी. ज्यांना विचारलं ते विरूपाक्षअप्पा इचलकरंजीतल्या एका लहानशा मठात राहत. त्याआधी पस्तीस वर्षं त्यांनी यंत्रमाग चालवले होते.

अप्पांनी उत्तर दिलं नाही.

निनादचा पारा आधीच चढलेला. दवाखान्यांच्या चादरींची मोठी ऑर्डर त्याने ओढून आणली होती. तीस मागवाल्यांनी उद्यापर्यंत एकत्र होकार दिला तरच ती मिळणार होती. नाहीतर निम्मे माग भंगारात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात त्याच्या सख्ख्या मामाचेही चार माग होते. कालच्या बैठकीत मामासुद्धा गप्प बसला, हे त्याला फार लागलं होतं.

ओसरीवर येरझाऱ्या घालत, रस्त्याकडे तोंड करून, तो बोलतच राहिला. लोकांसमोर कसं बोलावं याचा महागडा कोर्स त्याने केला होता. चाळीस स्लाइड्स, आवाजातले चढउतार, शेवटी हसून ‘काही शंका?’... सगळं शिकवल्याबरहुकूम झालं होतं. ऐकणारेच अडाणी निघाले, त्याला तो काय करणार?

“आता तुम्हीही गप्प?” तो गर्रकन वळला. “अप्पा, मी तुमच्याशी बोलतोय.”

“आत्ता निम्मं कळलं,” अप्पा म्हणाले. “परत सांग.”

निनाद थबकला. अप्पांची नजर त्याच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती.

“तुम्हाला... ऐकू येत नाही?”

“मागाच्या खडखडाटात जन्म गेला. कुणाला येतंय? आम्ही तोंडं बघून बोलतो.”

“पण मामा कधी बोलला नाही.”

“साहेब झालेल्या भाच्याला कुठल्या तोंडानं सांगंल?”

निनाद खाली बसला. त्याने हळू आवाजात कबूल केलं, की काल त्याने खिडक्यांचे पडदे ओढले होते, दिवे घालवले होते. स्लाइड्स उठून दिसाव्यात म्हणून. कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं.

अप्पांचा चेहरा लाल झाला. पस्तीस वर्षांत मुकादमावरही ते एवढे चिडले नसतील.

“म्हंजे तू त्यास्नी अंधारात बसिवलंस,” ते म्हणाले. “आणि वर अडाणी म्हणतोस.”

...

सवयीने निनादचा हात ओठांवर उतरलेल्या झुबकेदार मिशीवर गेला. कॉलेजपासून जपलेली ती मिशी. ऑफिसात सगळे तिचं कौतुक करत.

“उद्या सकाळी सगळ्यांना परत बोलावतो,” तो म्हणाला. “दिवे लावूनच बोलेन. अजून काय करू, अप्पा?”

अप्पांची नजर परत त्याच्या ओठांवर गेली.

“मिशी उतरवून ये.”