शिंपल्यांच्या लेखातले रेशीमकिडे

खाडीतल्या शिंपल्यांवर हेमलता ढवळीकरने लिहिलेला लेख संशोधनपत्रिकेकडून परत आला. तो छापून आल्याशिवाय तिची कॉलेजातली नोकरी कायम होणार नव्हती. निनावी परीक्षकाची अट एकच होती: डॉ. त्र्यंबक केळुसकरांच्या सगळ्या निबंधांचे संदर्भ घाला. केळुसकरांची हयात गेली होती रेशीमकिड्यांवर.

"परीक्षक केळुसकरच, दुसरं कोण?" शेजारच्या टेबलावरच्या पाध्येबाई म्हणाल्या. "घालून टाक गं किडे. सगळेच घालतात."

"शिंपल्यांत?" म्हणत हेमलताने संपादकांना अगदी नम्र उत्तर लिहिलं. 'परीक्षक केळुसकर सरांचे निस्सीम भक्त दिसतात. भक्तीच्या भरात त्यांना शिंपले दिसलेच नाहीत. तरी लेख कृपया खुद्द केळुसकर सरांकडे पाठवावा. एवढा मोठा माणूस स्वतःचे संदर्भ घाला असं कधीच सांगणार नाही.'

लेखकाचं उत्तर त्याच परीक्षकाकडे धाडायचं, हा पत्रिकेचा रिवाज. शिवाय परीक्षक कोण, हे संपादकांना ठाऊक होतंच. आता हट्ट धरला, तर आपण मोठा माणूस नव्हे असं केळुसकरांनी स्वतःच लिहून दिल्यासारखं झालं असतं. आठवड्याभरात शेरा आला: 'लेख उत्तम. आहेत तेवढे संदर्भ पुरेत.'

लेख छापून आला. पुढे एका परिषदेत चहाच्या वेळी केळुसकरांनी तिला चारचौघांत गाठलं. "काय हो, एवढा लेख लिहिलात, त्यात आमचं नाव कुठेच नाही?"

"परीक्षकांनीच पुरे म्हटलं, सर," हेमलता म्हणाली. "तुमच्या ओळखीचे असतील तर विचारून बघा."