नाही न म्हणणारी देवी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक देवी होती, आणि ती कुणालाच नाही म्हणत नसे. गावाला तिचा केवढा अभिमान! शेजारच्या गावची माणसं भेटली की हे छाती फुगवून सांगायचे, "तुमचा देव असेल कडक. आमची आई मायाळू आहे हो. आजवर एकालाही नकार दिला नाही तिनं."

देवीला विचारायची पद्धत अशी. सकाळची पूजा आटोपली की गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला म्हणायचं कौल. बैल घेऊ का? उजवी. मुलगी त्या घरी देऊ का? उजवी. विचारणारा खूश, गुरवाला नारळ, आणि देवीचा जयजयकार.

देवळाची झाडलोट चंद्राक्का करायची. वीस वर्षं तिथला केर काढणाऱ्या बाईला काय दिसणार नाही? देवीच्या उजव्या अंगाला, पूर्वेकडच्या भिंतीत एक झरोका होता. सकाळचं ऊन त्यातून थेट उजव्या खांद्यावर यायचं. तिकडची पाकळी आधी सुकायची, म्हणून आधी पडायची. झालं, एवढंच! पण आक्का कधी बोलली नाही. कुणाचं वाईट तर होत नाही ना, म्हणायची आणि पाकळ्या सुपात भरायची.

मग एका वर्षी गावात पोरं आजारी पडू लागली. उलट्या काय, जुलाब काय, बघता बघता अकरा पोरांनी अंथरूण धरलं. दोन गेलीसुद्धा.

आक्कानं पाहिलं, अकराच्या अकरा पोरं खालच्या आळीतली. वरच्या आळीत एकालाही काही नाही. ती गावच्या मानकऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, खालच्या विहिरीत एकदा माणूस उतरवून बघा. ही सगळी पोरं तिथलंच पाणी पितात."

"तू देवळातला केर काढ," मानकरी म्हणाला. "विहिरीतला काढायला तुला कुणी सांगितलंय?"

आणि गावात कुजबुज काय सुरू झाली? तर येसूकाकीनं काही केलं म्हणून! येसूकाकी गावची सुईण. म्हातारी, एकटी, मागेपुढे कुणी नाही. आजारी पोरांच्या घरी ती जाऊन आली होती म्हणे. अहो, जाणारच की! पोर तापलं की तिलाच तर हाक मारायचे सगळे. पण हे बोलणार कोण? मानकरी म्हणाला, "आपण कशाला वाद घालायचा? देवीलाच विचारू. हिचंच कृत्य असेल तर हिला गावाबाहेर काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव देवळात जमला. गुरवानं पाकळ्या लावल्या. "आई, ही पीडा या सुईणीमुळे आली असेल तर उजवा कौल दे."

"होय महाराजा!" गाव ओरडला.

ऊन सरकत आलं. उजवी पाकळी सुकली, आणि पडली.

दोघंजण येसूकाकीचं गाठोडं आणायला धावलेसुद्धा! आक्काच्या अंगाची आग आग झाली. गावावर झाली आणि स्वतःवरही झाली. वीस वर्षं ती गप्प बसली होती. तिनं केरसुणी आपटली आणि पुढे झाली.

"गुरवभाऊ, आणखी एक कौल लावा. विचारा, ही बाई निर्दोष आहे का?"

"एकदा सांगितलं ना आईनं!" मानकरी गरजला.

"सांगितलं ना? मग घाबरता कशाला? या खेपेला डावी पडेल."

गुरव बिचारा लबाड नव्हता. त्याचा खरंच विश्वास होता. त्यानं पुन्हा पाकळ्या ओल्या केल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली.

"ऐकलंत?" आक्का म्हणाली. "काकी दोषी आहे, आणि काकी निर्दोषही आहे! आता तो झरोका गोणपाटानं बंद करा आणि हवं ते विचारा."

गोणपाट लावलं. पाकळ्या लावल्या. माणसं उभ्या उभ्या अवघडली, पण एकही पाकळी हलेना.

"आई बोलत का नाही?" गुरव रडवेला झाला.

"ती कधी बोलली होती? ऊन बोलत होतं! आणि तुम्ही उन्हाच्या भरवशावर एका बाईचं घर मोडायला निघालात. लाजा वाटू द्या जरा. आता तरी कुणी विहिरीत उतरणार आहे का?"

उतरले. कपारीत मेलेलं कुत्रं अडकलं होतं, सडून पार लगदा झालेलं. विहीर उपसली, पोरांना वरच्या विहिरीचं पाणी उकळून पाजलं. आठवडाभरात उरलेली नऊ पोरं अंगणात खेळू लागली. गेलेली दोन काही आली नाहीत.

मग मानकरी चार माणसं घेऊन येसूकाकीच्या दारात गेला. "काकी, चूक झाली. देवीचा कौल समजण्यात आम्ही चुकलो."

काकी उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "तुम्हा पाचही जणांची नाळ मी कापली. देवीला दोनदा विचारलंत, तिसऱ्यांदाही विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत का रे?"

काकीनं दार लावून घेतलं.

तात्पर्य, आणि हे कान उघडे ठेवून ऐका: देवापुढे हात जरूर जोडावेत, पण जे डोळ्यांनी बघून कळतं ते देवाला विचारत बसू नये. तसं केलं की जीव गरिबाचा जातो आणि नाव देवाचं खराब होतं.