शेवटच्या प्रकरणातली बाई

"तिला मारू की जगवू, बाबा?"

पाखोमीबाबांनी चुलीत लाकूड सारलं. "कुणाला?"

"माझ्या कादंबरीतल्या बाईला. सगळं लिहून झालंय. शेवट तेवढा अडलाय."

विचारणारा लुक्यान पोल्तावा शहराहून घसरगाडीतून बर्फ कापत आला होता. कायद्यानं वेठबिगारी उठली, तरी युक्रेनच्या खेड्यांत पोटं खपाटीला गेलेलीच होती. त्या गरिबीवर त्यानं कादंबरी लिहिली होती, आणि तिचा त्याला मोठा अभिमान होता. पाखोमीबाबा नदीकाठच्या लहानशा मठातले म्हातारे साधू. लहानपणी त्यांनीच त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती.

"वाच," बाबा म्हणाले.

लुक्यान टेबलापाशी बाकावर बसून वाचू लागला.

एक विधवा. पदरात दोन लेकरं. गारपिटीनं उभा गहू झोपला, घरात दाणा उरला नाही. तेव्हा तिच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. मग पाणचक्कीवाला तिला पीठ देऊ लागला. फुकट नव्हे... हे कळलं मात्र, आणि सगळं गाव दाराशी गोळा झालं. बाई वाईट चालीची म्हणून तिच्या दारावर डांबर फासलं. शेवटी हिमवादळात ती दारोदार हिंडते, एकही दार उघडत नाही, आणि देवळाच्या पायरीवर ती गोठून मरते.

वाचता वाचता लुक्याननंच डोळे पुसले.

"शहरात वाचून दाखवलं, तेव्हा बायका हुंदके देत होत्या. पण संपादक म्हणतात, तिला वाचव, वाचकाला आशा हवी."

"गोष्ट कुठून मिळाली?"

"एका गाडीवानानं सांगितली. याच भागातली म्हणे. पुढे तिचं काय झालं, ते त्याला ठाऊक नव्हतं."



बाबांनी आतल्या दाराकडे वळून हाक मारली. "हाफिया, ऐकलंस?"

मठाचा स्वयंपाक करणारी बाई ओले हात पुसत दारात आली. केस पांढरे होऊ लागलेले, पाठ मात्र ताठ.

"भिंत पातळ आहे, बाबा."

"बोलायचं असेल तरच बोल."

 ती लुक्यानला म्हणाली, "डांबर खरवडून निघत नाही, मालक. शेवटी मी दारच उलटं बसवलं."

लुक्याननं कागद खाली ठेवले. "म्हणजे... ती तुम्ही?"

"मीच."

"आणि मुलं?"

"जगली. पोरगी सासरी नांदतेय. तिचं लग्न मी कुंपणापलीकडून पाहिलं."

लुक्यानला नजर कुठे ठेवावी कळेना. इतके दिवस ज्या बाईसाठी तो रडला होता, ती समोर उभी होती, आणि त्याला तिच्याशी धड बोलता येत नव्हतं.

"मग... मी तिला वाचवतो," तो घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही जगलात, तशीच तीही जगेल."

"मारा तिला, मालक."

"काय?"

"मेली तर लोक रडतील तरी. मी मेले नाही... म्हणून अजून देवळात माझ्या शेजारी कुणी उभं राहत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती आत गेली, बीटाच्या सुपाचं वाफाळतं पातेलं घेऊन आली, दोन वाडगे भरले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. लोकांच्या घरी राबताना, इतर जेवत असता असं बाजूला उभं राहणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

लुक्याननं चमचा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"बाबा," त्यानं हळूच विचारलं, "आता शेवट कसा करू?"

बाबांनी फळीवरून आणखी एक वाडगा काढला, स्वतः भरला आणि लुक्यानच्या शेजारी टेबलावर ठेवला.

"बाक लांब आहे," ते त्याला म्हणाले. "जरा सरक."